ओळख पटली पाहिजे

साबणाच्या वेष्टनावर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या उभ्या रेघांचा एक चौकोन छापलेला असतो. तो तुम्ही अनेकदा पाहिला असेल. त्यालाच बारकोड म्हणतात. काही रेघा जाड, काही बारीक, मध्ये पांढरी जागा आणि खाली एक आकडा. दुकानदार त्यावर यंत्राचा तांबडा प्रकाश टाकतो. काळ्या रेघा प्रकाश शोषून घेतात, पांढरी जागा तो परत पाठवते. त्यावरून यंत्र तो आकडा वाचते आणि संगणकाच्या पडद्यावर वस्तूचे नाव व किंमत दिसते. आज दुकानात दिसतो तसा बारकोड २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ट्रॉय या गावी प्रथम वाचला गेला. ती वस्तू होती च्युइंगमचा एक पुडा!

दुकानात चूक झाली, तर चार-दोन रुपयांचे नुकसान होते. रुग्णालयात चूक झाली, तर ती माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून माझे असे मत आहे की, या रेघांची खरी गरज दुकानापेक्षा रुग्णालयात अधिक आहे. आणि ती केवळ पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत नाही, आपल्या जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांतही आहे.

रुग्णालयात अशी चूक कशी होते, ते पाहा. एका वॉर्डात शेख रफिक नावाचे दोन रुग्ण आहेत. शेजारच्या वॉर्डात सुनीता पवार नावाच्या दोघी आहेत. रात्रपाळीच्या सिस्टरना पन्नास रुग्णांकडे पाहायचे आहे. एका रफिकचे इंजेक्शन दुसऱ्या रफिकला दिले गेले, तर? एकीच्या रक्ताच्या नळीवर दुसरीचे नाव लिहिले गेले आणि त्यावरून चुकीच्या गटाचे रक्त चढवले गेले, तर? कोणी मुद्दाम असे करत नाही. पण थकवा, घाई आणि सारखी नावे एकत्र आली की चूक व्हायला वेळ लागत नाही.

तुम्हांला तर नावांचा घोटाळा चांगलाच ठाऊक असेल. तेच नाव तुम्ही उर्दूत एका तऱ्हेने लिहिता, मराठीत दुसऱ्या तऱ्हेने आणि इंग्रजीत त्याची स्पेलिंगे तीन होतात. रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि केसपेपरवर तिसरे! फार कशाला, आपल्या जिल्ह्याचेच नाव जुन्या कागदांवर अहमदनगर आहे आणि २०२४ नंतरच्या कागदांवर अहिल्यानगर आहे. नाव बदलते, लिपी बदलते, अक्षर वाचता येत नाही. आकडा मात्र कोणत्याही भाषेत तोच राहतो. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवर बारकोड असेल आणि तोच औषधावर व रक्ताच्या नळीवर लावलेला असेल, तर दोन्ही जुळतात की नाही, हे यंत्र क्षणात सांगते.

ही कल्पना रुग्णालयात आणण्याचे श्रेय कोणा मोठ्या अधिकाऱ्याला नाही, एका परिचारिकेला दिले जाते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी भाड्याची मोटार परत करताना पाहिले की, तेथील कर्मचारी गाडीवरचा बारकोड वाचून क्षणात नोंद करतो. गाडीसाठी हे होऊ शकते, तर रुग्णासाठी का नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातून १९९० च्या दशकात कॅन्सस राज्यातील टोपिका येथील रुग्णालयात औषध देण्याची नवी पद्धत तयार झाली आणि पुढे ती त्या देशातील माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत गेली.

तिचा उपयोग किती होतो, हेही मोजून पाहिले गेले आहे. बॉस्टन शहरातील एका मोठ्या रुग्णालयातील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेतील मागेपुढे सोडले, तर औषध देतानाच्या चुकांचे प्रमाण तेथे शेकडा ११.५ होते. बारकोड आल्यावर ते ६.८ झाले. म्हणजे चुका बऱ्याच कमी झाल्या; पण संपल्या नाहीत, हेही लक्षात ठेवा.

त्या का संपल्या नाहीत? यंत्र प्रामाणिक असते, पण ते माणसाच्या हातात असते. २००८ मध्ये अमेरिकेतील काही रुग्णालयांची पाहणी झाली. तेव्हा असे दिसले की, वेळ वाचवण्यासाठी कर्मचारी रुग्णांच्या बारकोडच्या जादा प्रती काढून त्या दुसरीकडेच चिकटवून ठेवत आणि रुग्णाजवळ न जाताच त्या वाचत. यंत्र म्हणे, ‘बरोबर आहे.’ पण समोर रुग्णच नव्हता! अशा यंत्राचा काय उपयोग?

येथे आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण आठवते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यांतील स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणाच्या मुलाला जुलाब होत आहेत, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांना बारकोडची गरज नव्हती, कारण त्या माणसांना ओळखत होत्या. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात मात्र अकोल्याच्या डोंगरातून आलेला रुग्ण आणि पाथर्डीहून आलेला रुग्ण शेजारी असतात. तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. ओळखीची ही उणीव बारकोड भरून काढतो. माणसाची चौकशी करण्याचे काम मात्र माणसानेच केले पाहिजे.

कोणी म्हणेल, ‘आमच्याकडे डॉक्टर पुरेसे नाहीत, वीज जाते. तेथे हे यंत्र कशाला?’ हा आक्षेप खोटा नाही. यंत्र आणले म्हणून सिस्टरची जागा रिकामी ठेवणे हा तर अन्यायच होईल. पण जेथे माणसे कमी असतात, तेथे घाई जास्त असते आणि जेथे घाई जास्त, तेथे चूकही जास्त होते. म्हणून लहान रुग्णालयांना यंत्राची मदत आधी मिळाली पाहिजे. शिवाय सुरुवात खर्चाशिवायही होते. रुग्णाच्या दोन खुणा, म्हणजे नाव आणि नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख, विचारल्याशिवाय औषध देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याला वीज लागत नाही.

औषधांच्या बाबतीत तर धोका आणखी वेगळा आहे. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर येथील ग्रामीण रुग्णालयातून २०२३ मध्ये जंतुनाशक गोळ्यांचा नमुना घेतला गेला. तपासणीत त्या गोळ्यांमध्ये औषधच नसल्याचे आढळले. रुग्ण बरोबर आणि गोळीचे नावही बरोबर. पण गोळीच खोटी! खोट्या औषधांवर उपाय म्हणून केंद्र सरकारने १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा ठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड छापणे बंधनकारक केले. त्यात औषधाचे नाव, कंपनीचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख अशी माहिती असते. अर्थात कोडचीही नक्कल होऊ शकते. म्हणून नुसता कोड वाचला की काम संपले, असे समजू नये.

मग तुम्ही काय करू शकता? पुष्कळ काही! घरात दादीअम्मांची किंवा नानांची औषधे येतात. त्यांवरील बारीक इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. तुम्हांला उर्दू, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा येतात. मोबाइलने कोड वाचा, त्यातील बॅच क्रमांक आणि मुदत वेष्टनावरील छापील मजकुराशी जुळवा. जुळले नाही, तर औषध बाजूला ठेवा आणि औषध विक्रेत्याला विचारा. रुग्णालयात रक्त देताना नळीवर आपले नाव बरोबर लिहिले आहे ना, ते पाहा. इंजेक्शनपूर्वी सिस्टरनी नाव विचारले, तर ‘किती वेळा सांगायचे?’ असे म्हणून चिडू नका. त्या तुमच्या भल्यासाठीच विचारत असतात. त्यांनी विचारले नाही, तर नम्रपणे स्वतःच सांगा.

यंत्र आकडा ओळखते. त्या आकड्यामागे कोणाची तरी आई असते, कोणाचा तरी भाऊ असतो. हे माणसालाच ओळखता येते. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णालयात ही दोन्ही प्रकारची ओळख पटली पाहिजे. उद्या तुमच्यातीलच कोणी डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी औषध विक्रेता. तेव्हा हातात यंत्र असले, तरी रुग्णाकडे पाहून त्याचे नाव विचारायला विसरू नका.