संग्रहालय हवे, पण येथल्या उन्हाला साजेसे

मुंबईतील भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला समकालीन कलेचे नवे दालन जोडावयाचे ठरले, तेव्हा 2014 साली स्टीव्हन हॉल या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांचा आराखडा निवडला गेला. पावसाच्या पाण्याचा तलाव, पाण्याखाली सौरविद्युत-घट, आणि संग्रहालयाच्या गरजेपैकी 60 टक्के वीज त्यांतून, अशी ती योजना होती. ती वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. याच शिल्पज्ञांची रिचमंड येथील समकालीन कलेची वास्तू मात्र 2018 साली खुली झाली. तिच्या छपरांवर माती व हिरवळ आहे, आणि दालनांतील उष्ण-शीत राखण्यास जमिनीत खोल खणलेल्या विहिरी साहाय्य करतात.

परभणीकरांस यात नवल वाटू नये. छपरावर माती घालणे आपल्या माळवदांना ठाऊक होते. आणि भूगर्भातील गारवा म्हणजे काय, हे सेलू तालुक्यातील वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या भर मे महिन्यात उतरणाऱ्यास कोणी सांगावयास नको.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची शिल्पसंपदा आणि आजच्या चित्रकारांची चित्रे एका छताखाली यावीत, अशी वास्तू या जिल्ह्यास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु ती दर्शनी काचेची पेटी असेल, तर नसलेली बरी! येथे उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो. दगडी मूर्ती ते सोसते. चित्र सोसत नाही. हवेतील ओलावा वरखाली झाला की कापड ताणते, सैलावते, आणि त्यावरील रंगाला भेगा पडतात. जलरंगाच्या चित्रावर 50 लक्सहून अधिक उजेड पडू नये, असा संग्रहालयांचा रूढ दंडक आहे. काचेतून ऊन आत घ्यावयाचे आणि मग यंत्रांनी ते बाहेर काढीत बसावयाचे, हा व्यवहार कोणत्या शहाणपणात बसतो? शिवाय यंत्रांची वीज गेली की काही तासांत दालनाची भट्टी होते. काळ्या दगडाची जाड भिंत दिवसाची उष्णता आत पोचू देण्यास वेळ लावते, आणि तोवर संध्याकाळ होते. उत्तरेकडील उंच झरोक्यांतून येणारा उजेडही सौम्य असतो.

पावसाळ्यातील दमटपणा नुसत्या भिंतींनी आवरणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. तेथे यंत्र लागेलच. पण ते मोजक्या, बंदिस्त खोल्यांपुरते, आणि छपरावरील सौरविजेवर चालण्याजोगे. वास्तुशिल्पज्ञ व अभियंता यांनी पहिल्या रेषेपासून एकत्र बसल्याखेरीज हे साधत नाही. इमारत उभी राहिल्यावर अभियंत्यास बोलावून वातानुकूलनाच्या पेट्या भिंतीला टांगावयाच्या, ही आपल्या सार्वजनिक बांधकामांची जुनी खोड आहे.

म्हणून अशा वास्तूचा प्रस्ताव जेव्हा पुढे येईल, तेव्हा बांधकामखर्चाच्या आकड्याशेजारी वर्षाच्या वीजबिलाचा आकडा आणि ते भरणाऱ्या संस्थेचे नाव छापलेले असावे, ही आमची मागणी राहील.