पद्मिनी म्हणे युनियनने मारली!

गेल्या महिन्यात राजगड उतरून आलेले एक पाहुणे गुंजवण्यात आमच्या अंगणात पिठलं-भाकरी खाता खाता निकाल देऊन गेले. प्रीमियर ही मोटार कंपनी युनियनने बुडवली! स्वारी जपून ठेवलेल्या प्रीमियर पद्मिनीतून आली होती, तेव्हा बोलायचा अधिकार त्यांचाच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट दारात असणं म्हणजे घराची इज्जत. पुढे झेंडे आले, पगारवाढी आल्या, संप आले आणि सोन्यासारखी कंपनी मातीत गेली. दुसरी भाकरी येईपर्यंत खटला संपलासुद्धा.

संप झाले, नाही कोण म्हणतं? पण संप मिटला की जी गाडी पुन्हा निघणार होती, ती कुठली होती, हे पाहुण्यांनी सांगितलं नाही. ती होती फियाट 1100 डिलाइट, 1964 ची. इटलीत तो नमुना 1966 मध्येच मागे पडला. कुर्ल्यात नाव बदलून पद्मिनी करून, जाळी बदलून तो 2000 सालापर्यंत निघत राहिला. छत्तीस वर्षं! मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्याला वेगळं सांगायला नको. पुढे सलग बाकडं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, तो वरखाली करताना ड्रायव्हरचा कोपर शेजारच्याच्या बरगडीत. सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करायची, मग ती खोकत खोकत जागी होणार. यात संपाचा हात कुठे दिसतो?

बरं, नवीन गाड्या काढल्याच नाहीत असंही नाही. 1985 साली 118 एनई काढली. तिचा सांगाडा 1966 च्या फियाट 124 चा, इंजिन निस्सानचं. प्यूजोशी हातमिळवणी करून कल्याणला 309 जुळवली, ती फ्रान्समध्ये 1985 साली आलेली. उनो इथे आली 1996 मध्ये, इटलीत 1983 मध्ये. बुकिंगचे पैसे भरायला लोकांची झुंबड उडाली, गाडी मिळेपर्यंत उत्साह मावळला. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरचं शिळं आणायचं आणि इथे ताजं म्हणून वाढायचं. आणि संप नसते तर? तर हेच शिळं जरा वेळेवर वाढलं गेलं असतं, एवढंच.

पाहुण्यांच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा 2009 साली चिंचवडला झाली. कुर्ला सुटलेलं, युनियनचे ते जुने पुढारी नाहीत, परवाना राज तर केव्हाच गेलेलं. प्रीमियरने रिओ काढली. ती चिनी कंपनीकडून घेतलेली, आणि त्या चिनी गाडीचं मूळ 1997 ची जपानी दाइहात्सू टेरिओस. तीही चालली नाही. आता इथे कोणता झेंडा शोधायचा?

मारुतीने मारली म्हणणारेही आहेत. मारुती 800 आली डिसेंबर 1983 मध्ये. जागं व्हायला सतरा वर्षं पुरत नाहीत? सरकारने गाड्यांच्या किमती बांधून कंबरडं मोडलं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, की परदेशी गाड्या अडवणारी भिंत कोणी बांधून दिली होती?

हा सूर जुनाच आहे म्हणा. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या वेळीही आम्ही तोच ऐकला. 1982 च्या संपाने गिरण्या संपल्या म्हणे. आमच्या खोऱ्यातली माणसं लालबाग-परळहून ट्रंका घेऊन परत आली, त्यांनाही हेच ऐकवलं गेलं. जुनाट यंत्रांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. गिरण्यांच्या जमिनींचे भाव मात्र एक दिवसही संपावर गेले नाहीत. असो, पाहुण्यांशी तो विषय काढला असता तर भाकऱ्या पुरल्या नसत्या.

मग करायला काय हवं होतं? उत्तराला लांब जायला नको, पिंपरीपर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या टाटांच्या टेल्कोतही 1989 साली तंटा पेटला होता. कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. भोर-वेल्ह्याची पोरं तिथे कामाला होती, आम्हाला घरबसल्या सगळं कळत होतं. त्याच टेल्कोने डिसेंबर 1998 मध्ये इंडिका आणली. डिझाइनला इटलीतल्या संस्थेची मदत घेतली, पण गाडी स्वतःची होती. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने चुका दुरुस्त करून 2001 मध्ये इंडिका व्ही-टू काढली आणि ती खपली. बजाजही रांगा लावून स्कूटर विकणारी कंपनी, तिच्या आकुर्डीतही संप गाजले होते. तिने 2001 मध्ये पल्सर काढली. कुर्ल्यात हे का जमलं नाही, याचं उत्तर कामगारांच्या हजेरीपटात सापडणार नाही. पुढची गाडी कोणती, हे ठरवणाऱ्या खुर्च्या कामगारांच्या नव्हत्या.