तंबाखूचा सुगंध आणि स्वातंत्र्याचा धूर

१/
महागड्या परफ्यूमच्या दुनियेत ‘टोबॅको’ हा शब्द प्रतिष्ठेचा झाला आहे; टॉम फोर्डचे २००७ मधील ‘टोबॅको व्हनील’ हे त्याचे ठळक उदाहरण. या कुप्यांचे कौतुक करताना दोन विधाने हमखास केली जातात. एक, हा गंध पानाचा आहे, धुराचा नव्हे. दोन, या परंपरेचा जन्म स्त्रीमुक्तीतून झाला. पहिले विधान खरे आहे. दुसरे अर्धसत्य आहे, आणि ते फार महाग पडले आहे. #थ्रेड

२/
आधी पानाविषयी. तंबाखूची पाने वाळवून मुरवली की त्यांना सुके गवत, मध आणि मनुका यांची आठवण करून देणारा गोडसर वास येतो. परफ्यूममध्ये हाच वास असतो, आणि तोही पुष्कळदा तंबाखूविना साधलेला. टोन्का नावाच्या बियांत आढळणारे कूमरिन विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. त्याला व्हॅनिला आणि मधाची जोड मिळाली की नाकाला तंबाखूचा भास होतो.

३/
पान पेटले की हा गोडवा उरत नाही. उरतो तो राखेचा, डांबराचा, केसांत आणि कपड्यांत मुरणारा शिळा दर्प. ज्याला ‘तंबाखूचा सुगंध’ म्हणतात, तो सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगाला कधी येतच नाही. मग या गंधाचे नाते धूम्रपानाशी जोडले कोणी?

४/
पॅरिस, १९१९. ‘कारों’ या गंधगृहाचे अर्नेस्ट दाल्त्रॉफ ‘ताबा ब्लाँ’, म्हणजे ‘सोनेरी तंबाखू’, हे परफ्यूम बाजारात आणतात. त्यात तंबाखूपेक्षा चामड्याचा आणि कार्नेशनच्या फुलाचा गंधच अधिक. पण नाव तंबाखूचे, कारण महायुद्धानंतर उघडपणे सिगारेट ओढू लागलेली स्त्री ही त्याची अपेक्षित ग्राहक होती.

५/
१९२१ मध्ये ‘मोलिनार’ने ‘आबानिता’ आणले. ते अंगाला लावण्यासाठी नव्हतेच; ते सिगारेटला लावायचे होते! काचेच्या काडीने सिगारेटवर ओढायचा अर्क, किंवा पाकिटात ठेवायच्या सुगंधी पुड्या. अंगाला लावायचे परफ्यूम म्हणून ते १९२४ मध्ये विकले जाऊ लागले. या एका उदाहरणात सारा व्यवहार उघड होतो. धुराकडे सुगंध नव्हता. अत्तराने तो त्याला उसना दिला.

६/
येथे प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केला पाहिजे. स्त्रीने सिगारेट ओढणे हे त्या काळी खरोखरच बंड होते. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या नगरसभेने स्त्रियांच्या सार्वजनिक धूम्रपानाविरुद्ध ठराव केला आणि महापौरांना तो रद्द करावा लागला. पुरुषाला मुभा आणि स्त्रीला मनाई, हा अन्याय होता. त्याविरुद्धचा रागही अस्सल होता.

७/
पण त्या रागाच्या पदरात पडले काय? १९१९ मध्येच फ्रान्सच्या लोकप्रतिनिधी सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराला मंजुरी दिली. १९२२ मध्ये सिनेटने ती फेटाळली. फ्रेंच स्त्रीला मताधिकार मिळाला १९४४ मध्ये. नवऱ्याच्या संमतीविना बँकेत खाते उघडण्याचा हक्क विवाहितेला १९६५ मध्ये. ‘मुक्त स्त्री’चा सुगंध दुकानात आला आणि तब्बल पंचवीस वर्षांनी मत आले.

८/
अमेरिकेत हाच सौदा अधिक निर्ढावलेपणाने झाला. १९२९ च्या ईस्टर संचलनात एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट पेटवायला लावल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटले. मागे पैसा अमेरिकन टोबॅको कंपनीचा होता. बर्नेज यांनीच स्त्रियांना सिगारेट शिकवली, ही लोकप्रिय गोष्ट मात्र खरी नाही. ‘ताबा ब्लाँ’ दहा वर्षे आधीचे आहे. त्यांनी तयार वाटेवर जाहिरातीचा फलक रोवला.

९/
हिशेब नंतर आला. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९८७ पासून अमेरिकेतील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगापेक्षा फुप्फुसाच्या कर्करोगाने अधिक मृत्यू होऊ लागले. ‘मशाली’ पेटवणारी पिढी आणि तिच्या लेकी त्या आकड्यांत आहेत.

१०/
अत्तराने तंबाखूला सभ्य करण्याची ही रीत आपल्याकडेही परकी नाही. किमाम, जर्दा, तपकीर यांत केवडा, गुलाब, केशर कशासाठी असते? तंबाखूचा उग्रपणा झाकण्यासाठीच. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. गुटख्याच्या पुडीतही सुगंधाचे काम तेच होते.

११/
‘टोबॅको’ परफ्यूम लावल्याने कोणाचे फुप्फुस खराब होत नाही. कुपी फेकून देण्याचे कारण नाही. सुक्या गवताचा, मधाचा तो वास सुंदरच आहे. पण त्याच्या लेबलावर जेव्हा ‘बंडखोरी’ आणि ‘मुक्ती’ लिहिली जाते, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकच विचारावे: मुक्ती कोणाची झाली आणि गल्ला कोणाचा भरला? सुगंध पानाचा होता, राग स्त्रियांचा होता, नफा तिसऱ्याचाच होता.