वल्ह्यापर्यंतची वाट

२०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत ओडिशाच्या प्रतिमा पुहाण आणि प्रमिला प्रवा मिंझ यांनी रोइंगच्या ‘पेअर’ प्रकारात, म्हणजे दोघींच्या नौकेत प्रत्येकीच्या हाती एकच लांब वल्हे असते त्या शर्यतीत, कांस्यपदक मिळवले. पुढे हा प्रवाह रुंदावला नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताला रोइंगमध्ये पाच पदके मिळाली, ती पाचही पुरुषांची. आणि ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यती १९७६ पासून होत असूनही २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय महिला तेथे वल्हे मारू शकली नाही.

याचे कारण अंगबळात शोधणे सोपे, पण चुकीचे आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावचा नौकापटू दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पोहोचला तो सैन्यात दाखल झाल्यामुळे. नौका, प्रशिक्षक, आहार आणि पगार या चारही गोष्टी एका छताखाली देणारी दुसरी संस्था त्याच्यासारख्या तरुणाला मिळणे कठीण होते. शिपाई पदावर मुलींना हे दार उघडले ते २०१९ नंतर, तेही लष्करी पोलीस दलापुरते. प्रतिमा आणि प्रमिला यांच्यामागे कटकजवळील जगतपूरचे जलक्रीडा केंद्र होते, यातच बरेच उत्तर आहे.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यापुरते बोलायचे, तर पैनगंगा उत्तर सीमेवरून वाहते आणि सातनाला प्रकल्पाचा जलाशयही आहे, तरी पाणी असणे म्हणजे खेळ असणे नव्हे. ऑलिंपिक शर्यतीला दोन हजार मीटर सरळ, संथ पाणी लागते; खेळाडू पाठ पुढच्या दिशेला करून सरकत्या आसनावर बसते, त्यामुळे निम्म्याहून अधिक जोर हातांनी नव्हे, पायांनी लावावा लागतो. असे तंत्र पोहता येण्यातून आपोआप येत नाही, आणि होडी वल्हवण्याच्या परंपरेतूनही फारसे येत नाही.

तथापि संस्था ठरवतील तर काय होते, याचा दाखला जवळच्या निजामाबाद जिल्ह्यातच आहे. तेथील पाकाला गावची मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी २०१४ मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर चढली. तिला हेरले ते समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेने, आणि सरावाची सुरुवात झाली भोनगीरच्या खडकावर. बर्फ नसलेल्या मुलखातून गिर्यारोहक निघू शकते, तर पाणी असलेल्या मुलखाबद्दल हात वर करण्याचे कारण राहत नाही.

यासाठी पहिल्याच दिवशी तलावावर मोठा खर्च करण्याची गरज नाही. रोइंग यंत्र, म्हणजे वल्ह्याची ओढ जमिनीवर मोजणारे उपकरण, शाळेच्या एका खोलीत मावते, आणि उंच, चिवट मुली निवडण्यासाठी ते पुरेसे आहे. उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने आपल्या आश्रमशाळांत अशी चाचणी घ्यावी, निवडलेल्या मुलींना हैदराबादच्या हुसेनसागरावर सरावासाठी पाठवावे आणि त्यांच्या शिक्षणाचा व निवासाचा खर्च राज्याच्या क्रीडा खात्याने उचलावा. ओडिशात जगतपूरच्या केंद्राने अशी वाट दाखवली आहे. तेलंगणाने नकार द्यायचा असेल, तर कारण तरी सांगावे.