गिटारचे गुपित उघडे झाले, म्हणून

अंतोनियो द तोरेस हा स्पेनमधल्या अल्मेरियाचा. मूळचा सुतार. आज मैफलीत वाजणाऱ्या शास्त्रीय गिटारचा आकार आणि आतली बांधणी बव्हंशी त्याने ठरवलेली आहे. आपली विद्या बोटांच्या टोकांत आहे आणि ती आपल्याबरोबरच जाणार, असे तो म्हणे. त्याला ओळखणाऱ्या एका पाद्र्याने तशी आठवण लिहून ठेवली आहे. १८९२ मध्ये तोरेस गेला. विद्या मात्र राहिली, कारण त्याच्या गिटारी मागे उरल्या होत्या आणि त्यांची मापे घेता येत होती.

तोरेसच्या गिटारीत दिवा आणि छोटा आरसा घालून पाहिले, की स्प्रूस लाकडाच्या वरच्या फळीखाली बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, कडेला त्याहून पातळ. तारांचा ताण तर पेलायचा, पण फळीचे कंपन दाबायचे नाही, असे दुहेरी काम या पट्ट्या करतात. आवाज मुख्यतः या फळीतूनच येतो हे दाखवण्यासाठी तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

विद्या वाटली तर धंदा जातो, ही भीती कारागिरांना सगळीकडेच असते. तिला उत्तर म्हणून हर्मान हाउझरचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९२४ मध्ये गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया म्युनिकला आला, तेव्हा या जर्मन कारागिराला त्याची माद्रिदच्या रामिरेझ कारखान्यातली १९१२ ची गिटार तपासून तिची मापे घेता आली. तरीही सेगोव्हियाच्या मनासारखी गिटार त्याच्या हातून उतरायला १९३७ साल उजाडले. मापे हाती असूनही तेरा वर्षे! स्प्रूसच्या दोन फळ्या कधी सारख्या नसतात. फळी वाकवून बघायची, टिचकी मारून ऐकायची, मग रंध्याचा एखादा हात फिरवायचा. नकाशा दिला म्हणून हे कुणाला आयते मिळत नाही.

नकाशामुळे नवा माणूस निदान सुरुवात तरी करू शकतो. होसे रोमानियोस गिटार घडवायला गुरूशिवाय शिकला, गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी गिटारी घडवू लागला आणि १९८७ मध्ये त्याने तोरेसवर मापांसह ग्रंथच लिहिला. अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेला ‘गिल्ड ऑफ अमेरिकन लुथिअर्स’ हा तंतुवाद्य कारागिरांचा संघ वाद्यांचे पूर्ण आकाराचे नकाशे आणि कारागिरांचे लेख छापतो. एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक त्याच्या संमेलनात आपापल्या युक्त्या समोर मांडतात. गेल्या अर्धशतकात गिटारची घडण इतकी पुढे गेली, त्यात या मोकळेपणाचा वाटा फार मोठा आहे.

हा मोकळेपणा आपल्याकडेही हवा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळते, पण भोपळ्याची निवड, तबलीची म्हणजे वरच्या फळीची जाडी, घोडी घासून जवारी काढणारा हात यांचे ज्ञान आजही बहुतांशी घराण्यातूनच पुढे जाते. मिरजेतले जुने, नावाजलेले तंबोरे मोजून त्यांचे नकाशे काढावेत, जवारीचे काम बारकाईने चित्रित करावे आणि हे सारे मराठीत सर्वांसाठी खुले ठेवावे. त्यासाठी शासनाने आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांनी पुढे यावे, आणि ज्यांची ही विद्या आहे त्या कारागिरांना या कामाचा रीतसर मोबदला द्यावा.