तिच्या हाती ताट की ध्वनिक्षेपक?



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या बौद्ध कुटुंबांपैकी अनेकांनी आपल्या मुली कॅथलिक मुलींच्या शाळांत घातल्या आहेत. शिस्त चांगली, अभ्यास कसून करून घेतात, मुलगी सुरक्षित राहते, ही कारणे आम्ही एकमेकांना सांगतो आणि भरमसाट फी कुरकुर न करता भरतो. काही धम्मबांधव यावर आक्षेप घेतात. बाबासाहेबांच्या लेकींनी क्रुसापुढे का उभे राहावे, असा त्यांचा सवाल असतो. आमच्या मते हा आक्षेप चुकीच्या जागी घेतला जात आहे. मुलगी शाळेत काय शिकते, या चिंतेपेक्षा ते शिकलेले सारे आमच्या घरात आणि आमच्या मंडळात आल्यावर तिला का विसरावे लागते, याची चिंता आम्ही वाहिली पाहिजे.

त्या शाळांत घडते तरी काय? तेथे कोणताही चमत्कार होत नाही. मुलींच्या शाळेत विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष मुलगीच असते, वादविवाद संघाची प्रमुख मुलगीच, वार्षिकाची संपादक मुलगीच आणि खेळाच्या चमूची कर्णधारही मुलगीच. कोणतीही खुर्ची मुलासाठी आधीच राखून ठेवलेली नसते. चार वर्षे रोज उभे राहून बोलावे लागते, चुकावे लागते, पुन्हा उभे राहावे लागते. आत्मविश्वास उपदेशाने येत नाही, तो जबाबदारीने येतो. बाल्टिमोर शहरात १८४७ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ नोत्र दाम' या मुलींच्या कॅथलिक शाळेने नॅन्सी पेलोसी आणि बार्बरा मिकुल्स्की या दोन विद्यार्थिनी देशाला दिल्या. पहिली २००७ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची पहिली महिला सभापती झाली, तर दुसरीने ३० वर्षे सिनेटमध्ये मेरीलँडचे प्रतिनिधित्व केले. ती शाळा २०२० साली बंद पडली, परंतु तिने घालून दिलेला धडा बंद पडलेला नाही.

आम्ही चर्चचे भाट नाही. ज्या धर्मसंस्थेत आजही स्त्रीला पुरोहित होता येत नाही, जिच्या मेरीलँडमधील जेझुइट धर्मगुरूंनी १८३८ साली २७२ गुलाम माणसे विकली, तिचे गुणगान आम्ही कशासाठी करावे? पण याच मेरीलँडमध्ये, याच चर्चच्या छायेत, मेरी लँग नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीने काय केले, ते आमच्या प्रत्येक लेकीला ठाऊक असले पाहिजे. गुलामगिरी कायदेशीर असताना, १८२८ साली, बाल्टिमोरमध्ये तिने कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढली. पुढच्याच वर्षी तिने तीन सहकारी स्त्रियांसह 'ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स' हा जोगिणींचा संघ उभा केला. १८४० च्या दशकात धर्मसत्तेतील वरिष्ठांनी या संघाकडे पाठ फिरवली, तेव्हा या स्त्रियांनी लोकांचे कपडे धुतले, शिवणकाम केले, पण शाळा मोडू दिली नाही. 'सेंट फ्रान्सिस अकॅडमी' या नावाने ती शाळा आज मुलामुलींना एकत्र शिकविते आहे. वरून परवानगी मिळण्याची वाट मेरी लँग पाहत बसली असती, तर ती शाळा उभीच राहिली नसती. पददलितांच्या नेतृत्वाचे मर्म याहून वेगळे काय आहे?

आणि हे मर्म शिकण्यासाठी आम्हाला बाल्टिमोरपर्यंत तरी कशाला जावयास हवे? अमेरिकेतून आलेल्या सिंथिया फरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सावित्रीबाई मुलींना शिकवू लागल्या. त्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि 'ज्ञानोदय'ने तो छापला. धर्मग्रंथांच्या ठेकेदारांना भर पुण्यात जाब विचारणारी ही विद्यार्थिनी होती. नागपूरच्या जाईबाई चौधरी मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाईच्या हाताखाली आमची मुले शिकणार नाहीत, असे म्हणून सवर्णांनी त्यांना तेथे टिकू दिले नाही. तेव्हा जाईबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःची मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिला परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि पाहुणे म्हणून परमपूज्य बाबासाहेब आले होते. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी तेथे सांगितले.

आता हीच मोजपट्टी आम्ही आमच्या मंडळांना लावून पाहू.

१४ एप्रिलचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. व्यासपीठावर कोण बसलेले असते? अध्यक्ष पुरुष, सचिव पुरुष, खजिनदार पुरुष, प्रमुख वक्ताही पुरुषच. आमच्या भगिनी कोठे असतात? भोजन समितीत. आणि जी मुलगी आदल्याच आठवड्यात शाळेच्या सभागृहात शेकडो जणांसमोर निर्भयपणे बोलून आली, ती कोठे असते? पाहुण्यांच्या स्वागताला, हातात फुलांचे ताट घेऊन. फार तर तिच्या वाट्याला एक नृत्य येते. जोगिणी आमच्या लेकीच्या हाती ध्वनिक्षेपक देतात आणि बाबासाहेबांचे अनुयायी म्हणविणारे आम्ही तिच्या हाती ताट देतो! हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली ज्या महापुरुषाने मंत्रिपद सोडले, त्याच्या तसबिरीखाली हे चालते, याची लाज आम्हाला का वाटत नाही?

दुसरा अपराध याहून गंभीर आहे. शाळा मुलीला सांगते, आपण कोण आहोत ते ताठ मानेने सांग. घर तिला सांगते, आडनाव विचारले तर विषय बदल. एखाद्या भारतीय मैत्रिणीच्या आईने गाव, आडनाव, आहार अशी चौकशी सुरू केली, की हीच धीट मुलगी गोंधळते. कारण तिला तिचा इतिहास आम्ही सांगितलेला नाही, फक्त तो लपविण्याची युक्ती सांगितलेली आहे. आमची भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. जात समुद्र ओलांडून येथे आली आहे, म्हणून तर सिएटल शहराला २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. परंतु त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक राज्यपालांनी नाकारले. उद्या पुन्हा साक्ष द्यावयाची वेळ येईल, तेव्हा कोण उभे राहणार? जिला लपायला शिकविले, ती? स्वतःचे मूळ झाकून मिळविलेला आत्मविश्वास भाड्याच्या कोटासारखा असतो. चौकशीचा पहिला वारा लागताच तो उडून जातो.

काही जण म्हणतील, मुलींना मंडळात रसच नाही, त्या येतच नाहीत. आम्ही विचारतो, त्यांनी कशासाठी यावे? शाळेत ज्या निर्णय घेतात, त्यांनी आमच्याकडे येऊन खुर्च्या मांडाव्यात? रस अधिकाराच्या मागोमाग येतो. अधिकार न देता रस मागणे म्हणजे विहिरीवर पहारा बसवून तहानलेल्याला दोष देण्यासारखे आहे आणि विहिरीवरचा पहारा काय असतो, हे आम्हाला कोणी सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुढील भीमजयंतीचे अध्यक्षस्थान शाळेत किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला द्यावे आणि तिचे भाषण वडिलांनी लिहून देऊ नये. मंडळाच्या कार्यकारिणीत निम्मी पदे स्त्रियांना द्यावीत आणि त्यांत खजिनदाराचे पद असावे, कारण ज्याच्या हाती किल्ली, त्याचाच शब्द चालतो. भोजन समिती पुरुषांनी सांभाळावी. आणि प्रत्येक घरात मुलगी दहा वर्षांची होण्याच्या आत तिला मुक्ता साळवे, जाईबाई चौधरी व १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस, हे सारे आईवडिलांनी स्वतः सांगावे.

तथागतांनी महाप्रजापती गौतमीला संघाचे दार उघडून दिले आणि प्रत्येकाला स्वतःच स्वतःचा दीप व्हावयास सांगितले. आमच्या लेकींच्या हातांत तो दीप शाळेने पेटवून दिला आहे. तो आमच्या दारात आल्यावर विझू नये, एवढीच जबाबदारी आमची आहे. तीही आम्हाला पेलणार नसेल, तर निदान दारातून तरी बाजूला व्हावे.

जयभीम! नमो बुद्धाय!