उत्राण ते अंकलेश्वर : दोन नद्यांमधली रेल्वे

रेल्वेचा इतिहास म्हटला की आपल्याला 16 एप्रिल 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी आठवते. शाळेत ती तारीख आपण सर्वांनी पाठ केली आहे. आपण गोमंतकीय त्यात मुरगाव, कुळे आणि दूधसागर यांची भर घालतो आणि तिथेच थांबतो. सुरत हे नाव मराठी माणसाला माहीत असते ते वेगळ्याच कारणाने. 1664 आणि 1670 ही दोन साले सांगितली की सुरतेबद्दलचे आपले ज्ञान बहुतेक संपते. पण याच सुरतेजवळ एकोणिसाव्या शतकात एक रेल्वे अशी सुरू झाली, की तिची हकीकत वाचताना मला सारखा गोवा आठवत राहिला.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची 'बीबीसीआय', ही कंपनी 1855 साली स्थापन झाली. आजच्या पश्चिम रेल्वेची ती आई. नावात पहिला शब्द 'बॉम्बे' असला तरी कंपनीने काम मुंबईपासून सुरू केले नाही. नोव्हेंबर 1855 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला तो सुरत, बडोदा आणि अहमदाबाद या मार्गाचा. कंपनीचे कार्यालयही आधी सुरतेतच होते. 10 फेब्रुवारी 1860 रोजी तिचा पहिला टप्पा सुरू झाला : उत्राण ते अंकलेश्वर, 29 मैल.

आता नकाशा काढून ही दोन गावे पहा. उत्राण आहे तापीच्या उत्तर तीरावर, सुरत दक्षिण तीरावर. अंकलेश्वर आहे नर्मदेच्या दक्षिणेला, भरूच तिच्या उत्तर तीरावर. म्हणजे ज्या दोन शहरांसाठी ही रेल्वे, त्यांपैकी एकाही शहरात ती पोहोचत नव्हती! दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर रूळ टाकले होते आणि दोन्ही टोकांना होते पाणी.

1860 च्या त्या फेब्रुवारीत सुरतेहून भरूचला निघालेला माणूस कसा गेला असेल? आधी तापीच्या घाटावर यायचे, होडीने पलीकडे जायचे, तिथून उत्राणचे स्टेशन गाठायचे. मग ती नवलाची आगगाडी. अंकलेश्वरला उतरल्यावर पुन्हा नर्मदेचा काठ गाठायचा, पुन्हा होडी, आणि मग भरूच. एका प्रवासात एक गाडी आणि दोन होड्या. इतिहासात नोंद झाली ती गाडीची. होड्या आधीपासूनच होत्या, त्यामुळे त्यांची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही.

शिवाय या होड्या काही तळ्यातल्या नव्हत्या. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक समजली जाते. तिचे पाणी तापीत आणि नर्मदेत आत शिरते. नदीचे पात्र सकाळी वेगळे, दुपारी वेगळे. गाडीची वेळ घड्याळावर ठरते, होडीची वेळ चंद्रावर. या दोन वेळांचा मेळ घालण्याचे काम कोणत्याही इंग्रज इंजिनियरने केलेले नाही. ते केले त्या नावाड्यांनी, ज्यांना पाण्याचा रंग पाहून गाळ कुठे आहे ते कळत असे.

आणखी एक गोष्ट. मुंबई ते सुरत रूळ नव्हते तेव्हा रूळ, इंजिने, पुलांचे लोखंड हे सारे सामान इथवर आले कसे? पाण्यावरून. एवढे अवजड सामान आणायला दुसरी वाटच नव्हती. म्हणजे गुजरातची रेल्वे अक्षरशः समुद्रातून वर आली. आपण मात्र रेल्वेने जलमार्गाची जागा घेतली असे एका वाक्यात लिहून मोकळे होतो. खरे तर पहिली काही वर्षे जलमार्गानेच रेल्वेला हात धरून चालवले.

पुढचा क्रम भराभर सांगतो. 1861 मध्ये रेल्वे बडोद्याला पोहोचली, जानेवारी 1863 मध्ये अहमदाबादला आणि 28 नोव्हेंबर 1864 रोजी सुरतेहून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत गाडी धावू लागली. ही घाई का, याचे एक उत्तर कापसात आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पश्चिम हिंदुस्थानातल्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, सारखा तुटणारा, म्हणून तिथले विणकर या नावाने बोटे मोडत. सुरतेचे नाव दूरदेशी गाजले ते असे!

पण नद्या इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. कर्नल जे. पी. केनेडी हे या कंपनीचे सल्लागार इंजिनियर. नदीच्या तळात लोखंडी खांब स्क्रूसारखे फिरवत खोल रुतवायचे आणि त्यांवर ठरावीक मापाच्या लोखंडी तुळया ठेवायच्या, अशी त्यांची पद्धत होती. तापीवर, नर्मदेवर, पुढे वसईच्या खाडीवर असेच पूल झाले. नर्मदेने तो पूल काही मुकाट्याने सोसला नाही. पुरामागून पुरात तो मोडत राहिला, दुरुस्त होत राहिला. शेवटी डिसेंबर 1877 मध्ये सर जॉन हॉकशॉ यांच्या आराखड्यावर नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि 16 मे 1881 रोजी तो पूर्ण झाला. खर्च 45 लाखांच्या वर गेला. भरूचचे लोक त्याला 'गोल्डन ब्रिज' म्हणतात. नर्मदेवर एवढा पैसा ओतला की त्यात सोन्याचाच पूल झाला असता, असे तिकडे गमतीने सांगतात. 1935 मध्ये शेजारी दुसरा पूल झाला आणि रेल्वे त्यावर गेली.

सरकारी नोकरीत असल्यामुळे अशा खर्चाकडे माझे लक्ष जरा जास्तच जाते. त्या काळच्या रेल्वे कंपन्यांना सरकारने गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. पूल मोडो की टिको, भागधारकाचे पाच टक्के पक्के. कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून. तरवाल्याला मात्र अशी हमी कोणी दिली नव्हती. पूल झाला त्या दिवशी त्याचा धंदा गेला, आणि पुरात पूल मोडला की त्याच्याशिवाय कोणाचे चालत नव्हते.

सुरतेचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. हे शहर मुळात बंदर म्हणून मोठे झाले. मोगलांच्या काळात हजला जाणारी जहाजे इथून सुटत. इंग्रजांच्या सुरुवातीच्या वखारींपैकी एक इथलीच. आपल्या गोव्याशीही त्याचे नाते आहे, जरा कडू आहे इतकेच : तापीकाठचा सुरतेचा किल्ला सोळाव्या शतकात बांधला गेला तो पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना तोंड देण्यासाठी. पुढे तापी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे सुवाळीला थांबू लागली आणि व्यापार मुंबईकडे सरकला. जे थोडे शिल्लक होते, ते रेल्वेने नेले. रेल्वे सुरू झाली तेव्हा सुरत हे त्या मार्गाचे मूळ होते. 1864 नंतर ते मुंबईच्या वाटेवरचे एक स्टेशन झाले. रेल्वे गावात आली की गावाचे भले होते, असे आपण समजतो. कधी कधी रेल्वे गावातला माल आणि माणूस उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्यासाठीही येते. आज सुरत हिऱ्यांचे आणि कापडाचे शहर म्हणून पुन्हा उभे आहे, तापी खोऱ्याच्या रेल्वेने आलेली कितीतरी खानदेशी मराठी कुटुंबे तिथे नांदत आहेत. पण ते यश बंदराचे नाही.

आता आपल्याकडे वळू. मुरगावची रेल्वे सुरतेच्या अगदी उलटी. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यातून बंदर आणि रेल्वे एकत्र आली आणि 1888 पर्यंत मुरगावहून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत रूळ पोहोचले. सुरतेत रेल्वेने बंदर मागे टाकले, मुरगावात रेल्वेने बंदर घडवले. तरी एक गोष्ट तीच. राजधानी पणजी मांडवीच्या काठी आणि रेल्वे जुवारीच्या पलीकडे! पणजीच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी पाणी ओलांडणे आले. दोनापावल-मुरगाव लाँच आणि आगशी-कुठ्ठाळीची फेरीबोट हा आपल्या रेल्वेचाच पहिला डबा होता, असे मी म्हणेन. 1983 मध्ये जुवारीवर पूल होईपर्यंत हेच चालले.

बीबीसीआयशीही आपली ओळख नव्हती असे नाही. 1987 पर्यंत दमण आणि दीव गोव्याबरोबर होते. दमणला बदली झाली की पणजीच्या धक्क्यावरून बोटीने मुंबई, तिथून गाडीने वापी आणि मग दमण, हा प्रवास कचेरीतल्या जुन्या मंडळींकडून मी अनेकदा ऐकला आहे. पावसाळ्यात आगबोट बंद असायची, म्हणून बदलीचा हुकूम जूनच्या आत निघावा अशी धडपड चाले. रेल्वेच्या वेळापत्रकाला समुद्राची संमती लागते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. रेल्वेचा इतिहास आपण रुळांच्या लांबीने मोजतो. पहिली गाडी कधी सुटली, पूल कधी झाला, उद्घाटन कोणी केले. या दोन तारखांच्या मधे ज्यांनी माणसे पाण्यावरून नेली, त्यांना इतिहासात जागा नसते, कारण पूल झाला की ते 'तात्पुरती सोय' ठरतात. दुर्भाटची तार, म्हापशाची तार ही नावे अजून आपल्या तोंडी आहेत. तिथे कोण होड्या वल्हवत होते, उतारूंकडून काय घेत होते, रात्री-अपरात्री बाळंतिणीला कोणी पलीकडे नेले, हे सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

हे स्मरणरंजन आहे असे कोणी म्हणेल. पूल नको, होडीच हवी असे मी म्हणत नाही. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेती दरम्यान फेरीबोटींनी गोव्याचे दळणवळण तोलून धरले, हे त्या पिढीने पाहिले आहे. आजही दिवाडीच्या माणसाला करमळीची गाडी पकडायची तर फेरीबोटीतूनच यावे लागते. खुद्द सुरतेकडे पहा. 2020 साली हजिरा-घोघा फेरी सुरू झाली आणि सौराष्ट्राला जाण्यासाठी आखाताला वळसा घालणारी 370 किलोमीटरची वाट पाण्यावरून 90 वर आली. त्याआधी 2017 मध्ये दहेज-घोघा फेरी सुरू झाली होती, ती गाळामुळे बंद पडली. ज्या गाळाने जुन्या सुरतेचे बंदर बुडवले, तो एकविसाव्या शतकातल्या यंत्रांनाही नमला नाही. नावाड्याचे ज्ञान कालबाह्य झाले, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता सुरतेजवळून बुलेट ट्रेन जाणार आहे आणि तिचाही सुरतेच्या दक्षिणेचा मधला टप्पा आधी सुरू होईल असे जाहीर झाले आहे. गंमत पहा, पुन्हा सुरुवात मधूनच! तिच्या उद्घाटनाची तारीख पुस्तकात जाईल, यात शंका नाही.

आपल्या हाती एक साधे काम आहे. सरकारी कचेरीत प्रत्येक फाइलीला जपणुकीची मुदत असते आणि ती संपली की फाइल निकालात निघते. फेरीधक्क्यांच्या नोंदवह्या, वेळापत्रके, भाड्याचे तक्ते हे सारे अशाच मुदतीचे कागद. ते निकालात निघण्याआधी नदी परिवहन खात्याने ते पुराभिलेख खात्याकडे सोपवावेत. आणि निवृत्त खलाशी, पात्रांव यांच्याशी बोलून त्यांच्या आठवणी कोणीतरी टिपून घ्याव्यात. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने मनावर घेतले तर एका वर्षात होईल असे हे काम आहे. खर्च म्हणाल तर एका पुलाच्या उद्घाटनाच्या मांडवाइतकाही नाही.